दुसऱ्याच्या अंघोळीचं पाणी

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्याच्या आधीच आमचं बोअर गेलं होतं. मोटर लावली की आधी पाणी यायचं, मग पाणी आणि हवा, मग नुसती हवा. एका सकाळी नळ खरखरला, बादलीत थोडा तांबूस गाळ पडला आणि तेवढ्यावर संपलं. खाली आम्ही दोघं नवरा-बायको आणि वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या मुली. सगळ्या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी गावोगावाहून आलेल्या. परीक्षा तोंडावर होती आणि घरात पाणी नव्हतं.

आमच्या गल्लीत तेव्हा बहुतेक घरांवर असाच एकेक मजला चढलेला होता. क्लासची पाटी लागली की पोरं यायची, पोरं आली की घरमालक वरचा मजला बांधायचा आणि मजला झाला की बोअर मारायचा. शेजारच्याचं आटलं की तो आणखी खोल जायचा, मग आपलं आटायचं. आम्हीही त्यातलेच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, नवरा औशाला कचेरीत, रोज बसनं जाऊन-येऊन. आमच्याच अंगणात आम्ही दोनदा बोअर मारलं होतं.

टँकर कधी यायचा, कधी यायचा नाही. आला की गल्लीच्या तोंडाशी पाईपवरून हमरीतुमरी. शेवटी मी मुलींना गच्चीवर गोळा केलं आणि सांगितलं, "उद्यापासून टबात बसून अंघोळ करायची. टबातलं पाणी मोरीत सोडायचं नाही. संडासाच्या दाराशी निळं टिपाड ठेवलंय, त्यात नेऊन ओतायचं. संडासाला पाणी त्यातलंच घ्यायचं. संडासातला नळ मी बंद केलाय."

मग मागून एकीनं विचारलं, "सगळ्यांचं पाणी एकाच टिपाडात?"

"एकाच."

"म्हणजे दुसऱ्याच्या अंघोळीचं..." वाक्य तिनं पुरं केलं नाही.

ही मुलगी नांदेडची. मुली एकमेकींना गावावरूनच ओळखायच्या, म्हणून मीही तिला मनात नांदेडचीच म्हणायचे. आई-वडील दोघंही शिक्षक. शांत, नीटनेटकी, क्लासच्या प्रत्येक टेस्टला वरच्या नंबरात. मला ती मॅडम म्हणायची. दिवसातून दोनदा अंघोळ करायची आणि पुस्तकाला हात लावण्याआधी हात धुवायची.

तिच्या खोलीत दुसरी होती ती इस्लापूरची. तिचे वडील लोकांच्या शेतात कामाला जायचे. लेकीला सोडायला आले तेव्हा आमच्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघून त्यांनी हात जोडले, निवांत बसले, मी दिलेला पाण्याचा तांब्या सगळा प्यायले आणि म्हणाले, "आता काळजी न्हाई." ती मला काकू म्हणायची. बाकीच्या तिला चिडवायच्या, तुझ्या गावाजवळ एवढा मोठा धबधबा, तुला काय पाण्याचं! ती हसून सांगायची, "धबधबा बघायला असतो गं. प्यायचं पाणी आमी नाल्यात खड्डा करून काढतो."

मला वाटलं होतं, नियम आठ दिवस जड जाईल, मग अंगवळणी पडेल. तसं झालं नाही. पहिल्याच दिवशी टब मोरीत उपडा झालेला सापडला. "चुकून झालं," म्हणे. दुसऱ्या दिवशी संडासातल्या बंद नळाची तोटी कुणीतरी पकडीनं फिरवलेली. एकीनं सरळ सांगितलं, "काकू, अभ्यास करायचा का पाणी वाहायचं?" तिचंही खोटं नव्हतं. पहाटेपासून क्लास, मग टेस्ट, मग अभ्यासिका. डोळे सुजलेल्या, चिडलेल्या पोरी त्या. टिपाडाच्या पाण्यावर साबणाचा पांढरट थर यायचा, दुपारपर्यंत वास सुटायचा. झाकण काढताना मलाही तोंड फिरवावं लागायचं.

खाली आमच्या घरातही वेगळं नव्हतं. नवरा चांगल्या पाण्याची बादली घेऊनच संडासात जायचा. मी एकदा अडवलं तर म्हणाला, "दिवसभर हापिसात लोकांचं ऐकून घ्यायचं, बसमध्ये उभं राहून यायचं. घरात तरी मला माणसासारखं राहू दे."

"आणि मी काय म्हणून राहायला सांगते तुम्हाला?"

तो आत गेला आणि त्यानं कडी लावली. माणसासारखं हा शब्द मात्र माझ्या डोक्यातून जाईना, कारण त्याचा अर्थ मी फार आधी दुसऱ्याच जागी शिकले होते.

भूकंप झाला तेव्हा मी लहान होते, शाळेत जात होते. आमचं गाव किल्लारीपासून जवळच. घर पडलं, आम्ही वाचलो, पलीकडच्या घरातले वाचले नाहीत. त्यानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. गावात आमची वस्ती वेगळी होती आणि पाणी भरायची वेळही वेगळी. माझ्या लहानपणी कुणी अडवत नव्हतं, पण आई आपली सगळ्या बायकांचं झाल्यावरच विहिरीवर जायची. शेडमध्ये मात्र टँकर एक आणि रांगही एकच. एकदा रांगेत आईचा हंडा पुढच्या बाईच्या हंड्याला लागला. ती बाईही आमच्यासारखीच उघड्यावर आलेली, तिच्याही घरचं माणूस गेलेलं. तिनं हंडा भरला, बाजूला नेला आणि त्यातलंच तांब्याभर पाणी काढून हंड्याच्या बाहेरून सगळीकडून ओतलं. मागं रांग तिष्ठत होती, लेकरं पाण्यासाठी रडत होती. ते पाणी मातीत गेलं.

आई आपला हंडा भरून निघाली. शेडवर आल्यावर मात्र तिनं थेंब वाया जाऊ दिला नाही. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी दारातल्या भेंडीला, माझ्या अंघोळीचं पाणी गोधड्या भिजवायला. मला तिचा राग यायचा. मोठं झाल्यावर मी अशा घरात राहणार की नळाखाली बसावं आणि मन भरेपर्यंत उठू नये, असं मी तेव्हा ठरवलं होतं. पुढं तसं घर झालंही. आणि त्याच घरात आता मी दुसऱ्यांच्या लेकींना टबात बसायला लावत होते.

महिनाभरानं मला वाटायला लागलं की नियम रुळला. तक्रारी थांबल्या. टिपाड रोज भरायचं, संडास स्वच्छ असायचा. मी शाळेत इतर बाईंना अभिमानानं सांगितलंसुद्धा की समजावून सांगितलं तर पोरी ऐकतात.

मग एका रविवारी सकाळी वाळवण घालायला मी गच्चीवर गेले. न्हाणीबाहेर भिंतीला लागून टब ओळीनं ठेवलेले होते, प्रत्येकात साबणाचं गढूळ पाणी. इस्लापूरची एकेक टब उचलायची, पोटाशी धरून टिपाडापर्यंत न्यायची, ओतायची, रिकामा टब जागेवर ठेवायची आणि दुसरा उचलायची. तिचा सलवार-कुडता पुढून पार भिजलेला. बाकीच्या कुणी केस पुसत होत्या, कुणी नोट्स वाचत होत्या. नांदेडची खोलीच्या उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसली होती आणि इस्लापूरची समोरून गेली की शिंतोडे उडू नयेत म्हणून पाय वर घेत होती.

मी विचारलं, "ह्यातला तुझा टब कोणता?"

इस्लापूरची दचकली. "समदेच मी टाकते काकू. काय होतंय त्याला."

"रोज?"

तिनं पुढचा टब उचलला. मी बाकीच्यांकडं बघितलं. एकीनंही वर बघितलं नाही. मग नांदेडची अगदी सहज, समजुतीच्या सुरात म्हणाली, "तिला सवय आहे, मॅडम."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. कुरडया गच्चीभर झाल्या.

"सवय?" मी म्हणाले. "सवय कशानं लागते माहितीये का तुला? दुसऱ्या कुणी करत नाही म्हणून लागते. माझ्या घरात हे चालणार नाही. उद्यापासून जिचा टब तिनं उचलायचा. जिला उचलायचा नसेल तिनं दुसरी खोली बघावी."

नांदेडचीनं पुस्तक मिटलं. "परीक्षेला दिवस किती राहिलेत, मॅडम."

"मला माहितीये."

इस्लापूरची टब हातात धरून तशीच उभी होती. तिच्या डोळ्यांत मला सुटका दिसेल असं वाटलं होतं. ती माझ्याकडं रागानं बघत होती. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

दुसऱ्या दिवशी कसलीशी सरकारी सुट्टी होती. दुपारी नांदेडचीची आई आली. ऊन असं की रस्त्यावर माणूस नाही. बस स्टँडवरून चालत आली असावी, ओठ कोरडे पडलेले. मी ग्लासभर पाणी पुढं केलं. "नको, आत्ताच घेतलं," ती म्हणाली. याआधी तीनदा आली तेव्हाही ती हेच म्हणाली होती. ग्लास टेबलावर राहिला.

"तुम्ही पण शिक्षिका, मी पण शिक्षिका," तिनं सुरुवात केली. "परीक्षेच्या तोंडावर पोरीला घराबाहेर काढायची भाषा करतात का?"

"मी तिला फक्त तिचा टब उचलायला सांगितलं."

"ताई, पाणी वाचवायला आमची ना नाही. आम्हीही शाळेत मुलांना तेच शिकवतो. पण दुसऱ्याच्या अंगावरून गेलेलं पाणी हातात घ्यायचं, ते वापरायचं, हे आमच्या घरात नाही."

"तुमच्या घरात मग ते कोण हातात घेतं?"

तिची नजर एकदा भिंतीवरच्या तसबिरीकडं गेली आणि परत आली. "तसा अर्थ काढू नका."

"अर्थ नाही काढला. विचारलं."

"पाहिजे तर वर कामाला बाई लावा. आम्ही सगळे पालक मिळून बघू."

"बाई लावली म्हणजे उचलणारी परत दुसरीच कुणीतरी."

माझा आवाज चढला होता. आतून नवरा आला आणि दारात उभा राहिला. तो काहीतरी मधलं बोलेल, मिटवायला बघेल असं मला वाटलं, कारण स्वतः तो अजूनही चांगल्या पाण्याची बादली घेऊन जात होता. तो दारातून हलला नाही. नांदेडचीची आई उठली, वर गेली आणि थोड्या वेळानं लेकीला, बॅगा आणि पुस्तकांची पोती घेऊन खाली आली. लातूरलाच दुसऱ्या टोकाला त्यांचे कुणी भाऊ राहायचे, तिकडं रिक्षा गेली. जाताना मुलीनं मागं वळून वरच्या खिडकीकडं बघितलं. टेबलावरचा ग्लास तसाच होता. ते पाणी मी प्यायले.

त्या संध्याकाळी इस्लापूरची खाली आली. चपला न काढता दारातच उभी राहिली.

"काकू, तुमी मधी कशाला पडलात?"

मला आधी कळेचना. "अगं, तुझ्यासाठीच..."

"म्या सांगितलं होतं का तुमाला? ती मला फिजिक्स शिकवत होती. रोज. क्लासात सर फास्ट घेतात, माझ्या डोक्यावरून जातंय. तिच्या बॅचच्या नोट्स ती मला देत होती. म्या तिचं पाणी टाकत होते. आमचं ठरलं होतं. बाकीच्यांचं म्या असंच टाकत होते, भांडण नको म्हणून."

"पण ती म्हणाली, तुला सवय आहे."

"मग हायच ना सवय! खोटं काय बोलली?" ती एक पाऊल आत आली. "आता मला कोण शिकवल? तुमी शिकवता का?"

मी चौथीच्या वर्गाला शिकवत होते. फिजिक्सचं मला ओ की ठो कळत नव्हतं. क्लासमधल्या कुणाला विचारू का, म्हटलं. ती वर निघून गेली. पुढचे कितीतरी दिवस जिन्यात भेटली तरी ती भिंतीकडं बघून जायची. रोज आपला एकटीचा टब उचलायची. बाकीच्या आपापला उचलायला लागल्या होत्या, तोंडं वाकडी करत, एकमेकींवर नजर ठेवत. कुणाचं पाणी कमी, कुणी मोरीत सोडलं, यावरून रोज वाद. मुलींचे आई-बाप फोन करायचे. टँकर दोनदा आला नाही. खालच्या टाकीचं झाकण उघडून तळ बघायची मला भीती वाटायची.

मग एका सकाळी दारात रिक्षा थांबली आणि नांदेडची उतरली, एकटीच. बॅग खांद्याला, डोळ्यांखाली काळं.

"मामांकडं पाण्याचे हाल आहेत," ती म्हणाली. "आणि तिथं पाहुणे येतात. अभ्यास होत नाही." थोडं थांबून म्हणाली, "मी उचलीन माझा टब. फक्त मम्मीला कळू देऊ नका."

"तुझी आई मला विचारेल."

"मी सांगितलंय तिला की तुमच्याकडं नळ सुरू झालाय."

खोटं बोलून आलेल्या त्या पोरीला मी वर पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गच्चीवर गेले नाही, जिन्यातच थांबले. तिनं ओढणी नाकावर बांधली होती. टब दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून ती निघाली. निम्मं पाणी वाटेत सांडलं. टिपाडाचं झाकण काढल्याबरोबर तिला उमासा आला. टब खाली ठेवून ती कठड्याकडं धावली आणि ओकली. कुणी हसलं नाही. इस्लापूरची खोलीच्या दारातून बघत होती. ती मदतीला आली नाही. तिथूनच म्हणाली, "पोटाशी धर. लांब धरलं की सांडतंय."

नांदेडचीनं तोंड पुसलं. परत येऊन टब पोटाशी धरला आणि उरलेलं पाणी ओतलं.

ती कधी हसतमुखानं ते करायला लागली असं नाही. परीक्षेपर्यंत रोज ओढणी बांधून, रोज तोंड फिरवूनच केलं. त्या दोघींचं बोलणं मात्र तीन-चार दिवसांनी सुरू झालं. मी खाली पोळ्या करत होते आणि वरून नांदेडचीचा आवाज आला, ती कसलासा नियम समजावून सांगत होती, आणि मधे इस्लापूरचीचा, "परत सांग, परत सांग." आता त्यांच्यात काय ठरलं होतं, मी विचारलं नाही.

परीक्षा झाली, मुली गेल्या. नांदेडचीला मेडिकलला प्रवेश मिळाला. तिच्या आईनं फोन केला, पेढे मात्र आले नाहीत. इस्लापूरचीचे गुण थोडक्यात कमी पडले. पुन्हा एक वर्ष बसायला घरची तयारी नव्हती. ती नांदेडला नर्सिंगला गेली. मधले ते दिवस शिकवणी तुटली नसती तर तिचं जमलं असतं का, हा विचार मी अनेकदा केला. उत्तर मला माहीत नाही. ते तिलाही माहीत नसावं.

पावसाळ्यानंतर पाणी आलं. संडासातला नळ नवऱ्यानं मला न विचारता सुरू केला आणि मीही तो परत बंद केला नाही. नव्या बॅचच्या मुलींना मी नियम सांगितला, तेव्हा एकीनं विचारलं, "पाणी तर आहे ना काकू, मग कशाला?" मी समजावलं. त्यांनी माना डोलावल्या. दोन आठवड्यांत सगळे टब मोरीत उपडे व्हायला लागले.

काही वर्षांनी शाळेच्या कामानं नांदेडला गेले तेव्हा इस्लापूरचीकडं गेले. एका दवाखान्यात ती नर्स होती, लग्न झालेलं, एक तान्हा मुलगा, भाड्याचा पण चांगला हवेशीर ब्लॉक. तिनं मला खुर्चीत बसवलं, पाया पडली, चहा टाकला. मागच्या बाजूला कपडे धुवायचं मशीन सुरू होतं. त्याचा पाईप खिडकीतून बाहेर सोडलेला. मशीन थांबलं, पाणी सुटलं आणि बराच वेळ गटारात पडत राहिलं. अगदी स्वच्छ, खंगाळणीचं पाणी. मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण मान तिकडं वळलीच.

ती चहाचा कप घेऊन समोर उभी होती.

"बोला काकू. तुमाला बोलायचंय."

"न्हाई गं."

"मला समजतंय सगळं. मी वार्डात पेशंटच्या नातेवाइकांना सांगते, नळ बंद करा, पाणी जपा." कप तिनं माझ्या हातात दिला. "पण घरी आले की होत न्हाई माझ्याच्यानं. लहानपणापासून मी लई पाणी उचललं, काकू. अजून किती उचलू?"

बाहेर पाणी पडायचं थांबलं. मशीननं दुसरी फेरी सुरू केली. मी चहा प्यायले आणि तिच्या मुलाचं वजन नीट वाढतंय का, ते विचारलं.